बाटलीतलं रक्त आणि वैशाखातला रस्ता

दारूच्या केसमध्ये सगळ्यांचे डोळे रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) रिपोर्टकडे लागलेले असतात. मोटार वाहन कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची, दारूबंदी कायद्याची 50 ची. छापून आलेल्या आकड्याशी हुज्जत कोण घालणार? भंडारा जिल्ह्यात आंधळगावच्या बाजूला डॉक्टर म्हणून अशी रक्तं काढताना मला मात्र आकड्यापेक्षा वाटेची काळजी असायची. बाटली इथून मोहाडी-भंडारा करत नागपूरच्या प्रयोगशाळेत जाते, आणि वैशाखात पारा 45 च्या आसपास असतो.

असं रक्त घेण्याचे नियम 1959 चे आहेत आणि करणाऱ्यांनी विचार करून केलेले आहेत. कातडी पुसायला स्पिरिट चालत नाही. रक्त किमान 5 सीसी हवं, बाटलीला लाखेचं सील हवं आणि ती सात दिवसांत पोचायला हवी. बाटलीच्या तळाशी पांढरी पूड असते. त्यातलं ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही, फ्लोराइड जंतूंना आवरतं. रक्त ओतून बाटली तशीच ठेवली तर पूड तळालाच चिकटून राहते, काचेतून दिसतेसुद्धा. म्हणून ती चांगली हलवायची. गर्दीच्या रात्री हेच राहून जातं.

दारू उडून जाते, तेव्हा उशीर झाला तर आरोपीचाच फायदा, असं पोलीसही म्हणतात. हे अर्धंच खरं. बूच सैल असेल किंवा बाटली अर्धी रिकामी असेल तर दारू वरच्या हवेत जाते. उबेत रक्तातलाच ऑक्सिजन तिचं हळूहळू ॲसिटाल्डिहाइड करतो. पण फ्लोराइड कमी पडलं आणि कँडिडासारखी बुरशी आत शिरली, तर रक्तातल्या साखरेवर ती तेच करते जे मोहफुलाच्या सडव्यात चालतं: दारू तयार होते. न प्यायलेल्याच्या रक्तातही. मृतदेहाच्या रक्तात हा धोका फारच मोठा, म्हणून तिथे डोळ्यातला द्रवही तपासतात. प्रयोगशाळेचं यंत्र बाटलीतली वाफ मोजतं आणि चोख मोजतं. एन-प्रोपॅनॉल सापडलं तर रक्त सडल्याचा संशय घेता येतो. मात्र सापडलेल्या दारूतली प्यायलेली किती, हे यंत्राला कळत नाही.

उपाय साधा आहे, चार अंशांवर ठेवणं. पण कुठे? आरोग्य केंद्रातला आयएलआर, म्हणजे लसींचा फ्रिज, फक्त लसींसाठी, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. लसीचं तापमान सकाळ-संध्याकाळ रजिस्टरात लिहिलं जातं, रविवारीही. ज्या रक्तावर माणसाची शिक्षा ठरणार, त्याच्यासाठी ना थर्मामीटर, ना रजिस्टर. मुद्देमालाच्या कपाटाला कुलूप असतं, गारवा नसतो.

हा प्रश्न जुना आहे. एप्रिल 1961 मध्ये धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात एका अपघातातल्या चालकाचं रक्त घेतलं गेलं. ते मुंबईच्या रासायनिक परीक्षकाकडे पोचेपर्यंत पंधरवडा उलटला. 1963 मध्ये उखा कोल्हे खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक मुद्दा हाही आला, की मधल्या दिवसांत बाटली कुणाकडे होती आणि कशी होती.

पुढे मी एमएलसी (पोलीस केसेसच्या) रजिस्टरात बाटली कुठे ठेवली आणि किती वाजता पोलिसांच्या हाती दिली, ते लिहू लागलो. एक ओळ, फार तर दोन. साक्षीला उभा राहिलो की बचावाचे वकील तोंडाचा वास, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या सगळं खोदून विचारत. त्या ओळीपर्यंत क्वचितच कुणी आला.