सारवण आणि निष्काम कर्म
मातीची जमीन सारवताना शेण व चाळलेली माती पाण्यात सैलसर कालवून, आतल्या भिंतीकडून दाराकडे मागे सरत, हाताने पातळ थर दिला जातो, कारण थर जाड झाला तर तो वाळताना तडकतो आणि त्याचे पोपडे सुटतात. हे काम थोड्याच दिवसांत पुन्हा करावे लागत असल्याने त्याचे फळ कोणते, हा प्रश्न उरतो. गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माचा, अर्थ बेफिकिरी असा लावणाऱ्यांनी (त्यांनी बहुधा कधी सारवलेले नसते) थराच्या जाडीचा विचार करावा. अरणच्या सावता माळ्यांनी तेराव्या शतकात मळ्याच्या मशागतीतच विठ्ठलाची उपासना पाहिली, आणि हयगयीने केलेली मशागत त्या उपासनेत बसणारी नव्हे. सोडायचा असतो तो केवळ टिकाऊपणाचा हट्ट.