अमानत कुणाची?

वस्तुसंग्रहालयात गेल्यावर वस्तू किती जुनी, हे आपण विचारतो. ती तिथवर आली कशी, हे क्वचितच विचारतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराची संग्रहालये पाहताना हा दुसरा प्रश्न माझा पिच्छा सोडत नव्हता.

नॉर्थ टेरेस रस्त्यावरचे साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियम तेथील आदिवासींच्या वस्तूंसाठी जगभर प्रसिद्ध आहे. ढाली, भाले, जाळी, टोपल्या पाहून थक्क व्हायला होते. पण या संस्थेच्या कोठारात वस्तूंबरोबर माणसेही होती. सुमारे साडेचार हजार आदिवासींचे अवशेष खोक्यांत भरून ठेवलेले होते. काही पाया खोदताना सापडले, काही कबरी उकरून आणले, काही शवागारातून आले.

टॉमी वॉकर नावाचा एक आदिवासी या शहरात सर्वांच्या ओळखीचा होता. 1901 मध्ये तो वारला. शेअर बाजारातल्या मंडळींनी पैसे जमवून वेस्ट टेरेस दफनभूमीत त्याच्या कबरीवर दगड बसवला. 1903 मध्ये उघड झाले की त्याचा सांगाडा त्या कबरीत नव्हताच! मृत्यूंची चौकशी करणारे सरकारी अधिकारी डॉ. विल्यम रॅमसे स्मिथ यांनी तो एडिनबर्ग विद्यापीठाकडे धाडला होता. चौकशी झाली आणि डॉक्टरसाहेब पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले. याच दफनभूमीत ‘अफगाण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुसलमान उंटवाल्यांच्याही कबरी आहेत. आपल्याकडे अनोळखी मय्यतीलाही माणूस दोन पावले खांदा देतो, तीन मुठी माती टाकतो. तिथे लोकांनी माती दिली, पण कुणाला?

हे सारे इल्मसाठी केले, असे तेव्हाचे विद्वान म्हणत. मी पेशाने शिक्षक. इल्मचे नाव निघाले की माझी मान आपोआप झुकते. पण ज्याने दिलेच नाही, त्याचे जपून ठेवलेले अमानत कसे म्हणायचे? अमानतीला देणारा लागतो आणि परत मागायचा हक्कही लागतो.

गोष्ट एवढ्यावर मिटत नाही. याच म्युझियमचे नॉर्मन टिंडेल यांनी 1938-39 मध्ये देशभर फिरून आदिवासींची मापे घेतली, फोटो काढले, केसांचे नमुने घेतले, वंशावळी लिहून ठेवल्या. माणसांना नमुना समजणारी ती नजर मला पटत नाही. पण सरकारने ज्यांची मुले घरातून उचलून नेली, त्यांच्या वारसांना आज आपले आजी-आजोबा त्याच कागदांत सापडतात. कागद जाळून टाकले असते, तर अन्यायाचा पुरावाही गेला असता. त्याच केसांपैकी 111 नमुन्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. आदिवासी समाज आपापल्या मुलखात सुमारे 50,000 वर्षांपासून राहत आहेत, असे त्यातून दिसले. या वेळी मात्र संशोधक आधी त्या घराण्यांच्या दारी गेले, त्यांची परवानगी घेतली. केस तेच होते. फरक विचारण्याचा होता, आणि माझ्या मते तो फरक लहान नाही.

जवळच मायग्रेशन म्युझियम आहे. त्या जागी एकोणिसाव्या शतकात आदिवासी मुलांची निवासी शाळा होती आणि शिक्षण इंग्रजीतून दिले जाई. त्याआधी जर्मन मिशनऱ्यांनी याच शहरात कौर्ना मुलांना त्यांच्या मातृभाषेत शिकवले होते. उर्दू माध्यमाच्या मास्तराला यावर पुष्कळ बोलता येईल. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

शहराच्या उत्तरेला स्मिथफील्ड येथे कौर्ना लोकांसाठी ‘वांगायार्ता’ नावाची दफनभूमी तयार झाली. डिसेंबर 2021 मध्ये म्युझियमच्या कोठारातील सुमारे शंभर पूर्वजांना तिथे त्यांच्याच माणसांनी मातीत ठेवले. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुणालाच माहीत नव्हती.