पात्र आणि परकायाप्रवेश

अभिनेत्याची स्तुती करताना मराठी नाट्यसमीक्षेत 'परकायाप्रवेश' हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. परंतु हा शब्द मुळात नाट्यशास्त्राचा नसून योगशास्त्राचा आहे, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात, म्हणजे योगाभ्यासातून मिळणाऱ्या सिद्धींचे वर्णन करणाऱ्या तिसऱ्या पादात, चित्ताला देहाशी बांधणारे कारण सैल झाले की ते दुसऱ्याच्या शरीरात शिरू शकते, असे सांगितले आहे. शंकराचार्यांच्या चरित्रकथांमध्ये त्यांनी मृत अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची जी कथा येते, तिच्यात त्यांचा स्वतःचा देह निश्चेष्ट पडून राहतो, त्यांना आपल्या मूळ स्वरूपाचा विसर पडतो आणि शेवटी शिष्यांना गायकांच्या वेषात दरबारात जाऊन त्यांना जागे करावे लागते. या कथेत वेष घेऊनही शुद्धीवर असलेले शिष्यच खरे नट आहेत, आचार्य नव्हेत, ही गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून निसटलेली दिसते.

नट भूमिकेत शिरतो की भूमिका नटात उतरते, आणि हे वर्षानुवर्षे घडत राहिले तर त्याच्या 'स्व'चे काय होते, हा प्रश्न एखाद्या दीर्घ कारकिर्दीच्या आधारेच नीट तपासता येतो, कारण एका उत्कृष्ट भूमिकेतून फार तर झपाटलेपण सिद्ध होते, स्वभाव नव्हे. दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) यांची कारकीर्द त्यासाठी विशेष उपयोगी आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण, चिं. वि. जोशींच्या लेखनावरून दूरदर्शनवर आलेल्या मालिकेतला चिमणराव, 'चौकट राजा'तील (१९९१) मतिमंद नंदू, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा आणि 'लगे रहो मुन्नाभाई'तील (२००६) गांधीजी या भूमिकांना जोडणारा समान धागा नटाचा देह सोडला तर शोधूनही सापडत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात हा वाद रसाच्या स्थानावरून झाला. रस, म्हणजे नाट्यातून मिळणारा भावाचा आस्वाद, नेमका कोठे असतो, असा तो प्रश्न होता. भट्ट लोल्लटाने तो मुख्यतः मूळ रामात आणि अनुसंधानामुळे, म्हणजे रामाशी जोडून घेतल्यामुळे, नटातही मानला. श्रीशंकुकाने चित्रातल्या घोड्याचे उदाहरण दिले: चित्र पाहणारा 'हा घोडा आहे' असे म्हणतो, पण त्याच्यावर बसायला जात नाही, आणि नटाला 'हा राम' म्हणणारी प्रेक्षकाची बुद्धी खरी, खोटी, संशयाची आणि केवळ साम्याची या चारही प्रकारांहून वेगळी असते. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरचा आचार्य अभिनवगुप्त याने मात्र नटात रस मानलाच नाही. नटाला 'पात्र' का म्हणतात, याचे त्याने दिलेले उत्तर असे की, मद्याच्या भांड्याला मद्याची चव कळत नाही, ते केवळ चव घेण्याचे साधन असते. मराठी घरातले उदाहरण द्यायचे तर संध्येच्या पळी-पंचपात्रातले पाणी तीर्थ होते, म्हणून पंचपात्राला पुण्य लागले असे कोणी मानत नाही. भांडे आणि नाटकातली व्यक्ती या दोहोंसाठी मराठीत आजही 'पात्र' हा एकच शब्द आहे, आणि या शब्दात 'परकायाप्रवेशा'पेक्षा अधिक शहाणपण साठलेले आहे.

मुंबईच्या उपनगरांतील नाट्यव्यवहार हे शहाणपण दर आठवड्याला पारखून घेतो. बोरीवलीचे प्रबोधनकार ठाकरे, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर आणि मुलुंडचे कालिदास या नाट्यगृहांच्या जाहिरातींत एकाच नाटकाचा दुपारचा प्रयोग एका ठिकाणी आणि रात्रीचा दुसऱ्या ठिकाणी लागतो, तेव्हा संध्याकाळी साडेसहाला रंगमंचावर मेलेल्या माणसाला मेकअप पुसून, द्रुतगती मार्गावरची वाहनांची रांग पार करून, तिसऱ्या घंटेच्या आत पुन्हा जिवंत व्हावे लागते. प्रभावळकरांनी स्वतः लिहिलेल्या 'हसवाफसवी'त तर त्यांच्याच सहा भूमिका होत्या. अशा नाटकात विंगेतल्या अपुऱ्या उजेडात एक विग उतरतो, दुसरा चढतो, कोणी मागून बंद बांधत असतो आणि कान मात्र रंगमंचावर चाललेल्या वाक्याकडे लागलेले असतात, कारण एंट्री त्या वाक्यावर असते. ज्याचे भान खरोखर हरपले आहे, त्याला हे जमणार नाही. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो यानेही श्रेष्ठ नट भावनेने वाहून न जाता थंड डोक्याने काम करतो असेच प्रतिपादन केले, पण त्याच्या मांडणीत नट काहीसा लबाड वाटू लागतो. पंचपात्राच्या कल्पनेत ती लबाडी नाही.

गांधीजींच्या भूमिकेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी फक्त मुन्नाला दिसतात आणि त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींपलीकडे त्यांना काहीही ठाऊक नसते, असे पुढे उघड होते. म्हणजे नटाने येथे ऐतिहासिक गांधी उभे केले नाहीत, तर एका भाबड्या गुंडाच्या मनातली गांधींची प्रतिमा उभी केली. शंकुकाच्या भाषेत हे चित्रातल्या घोड्याचे चित्र झाले. बाह्य वस्तू नाही, केवळ विज्ञान, म्हणजे जाणिवेचा प्रवाहच आहे, असे मानणाऱ्या बौद्ध विज्ञानवाद्यांना हे उदाहरण निश्चितच आवडले असते. जेथे शिरायला काया अशी उरतच नाही, तेथे परकायाप्रवेश कसला? या चित्रपटासाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून प्रभावळकरांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याउलट 'झपाटलेला'तील (१९९३) तात्या विंचू मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि मग त्या बाहुल्यात अडकून पडतो. परकायाप्रवेशाची खरी किंमत सिद्धींच्या ग्रंथांपेक्षा या विनोदी भयपटाने अधिक स्पष्ट सांगितली, असे म्हणण्यास हरकत नाही.

अद्वैत वेदान्ताने नटाचा दृष्टान्त आवडीने वापरला आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांगतात की मूळ कारणच नटाप्रमाणे निरनिराळ्या कार्यांच्या रूपाने वावरते. त्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त, वेष असो वा नसो, नट जसा माणूसच राहतो तसा ब्रह्मवेत्ता ब्रह्मच राहतो, असे म्हटले आहे. मात्र हा दृष्टान्त एका पायाने लंगडा आहे. वेदान्ताचा साक्षी, म्हणजे केवळ पाहणारा आत्मा, काही करत नाही; नट मात्र घाम गाळतो, तालमी करतो, आवाज जपतो. त्याची अलिप्तता संन्यासातून येत नाही, ती कारागिरीतून येते, आणि म्हणून तिला गीतेतील कर्मयोग अधिक जवळचा आहे.

धर्मपरंपरांनी नटाला संशयानेच पाहिले, हेही नोंदवले पाहिजे. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटमंडळीचा प्रमुख, लोकांना हसवणारे नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकात जातात हे खरे का, असे बुद्धांना विचारतो. बुद्ध उत्तर टाळू पाहतात आणि फारच आग्रह झाल्यावर नट नरकात जातात असे सांगतात, कारण राग, द्वेष आणि मोह यांनी आधीच बांधलेल्या लोकांना ते अधिकच बांधतात. हा आक्षेप हलका नाही. मात्र कोकणातल्या दशावताराने त्याला शास्त्रार्थ न करताच उत्तर दिले आहे. तेथे नट स्वतःच आरशासमोर बसून तोंडाला रंग लावतो, आरंभी गणपती येतो, एक साधे बाकडे राजाचे सिंहासन होते आणि संवाद बहुतांशी उत्स्फूर्त असतात. मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झालेला चाकरमानी मैदानातल्या मालवणी जत्रेत हाच खेळ पाहतो. मुखवट्यातला माणूस कोण हे माहीत असूनही तो गणपतीला हात जोडतो, आणि त्याचा नमस्कार पात्रापाशी न थांबता पात्रात जे आहे त्याला पोचतो. २०२५ साली आलेल्या 'दशावतार' या चित्रपटात बाबुली मेस्त्री हा वृद्ध दशावतारी प्रभावळकरांनी साकारला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

महाभारतात खराखुरा परकायाप्रवेशही घडतो. आश्रमवासिकपर्वात अरण्यात कृश झालेला विदुर झाडाला टेकून युधिष्ठिराकडे एकटक पाहत राहतो आणि योगबळाने त्याच्या शरीरात शिरतो. मागे उरलेला देह निष्प्राण होतो. त्याच अरण्यवासाच्या काळावर मतकरींनी 'आरण्यक' हे नाटक लिहिले. १९७०च्या दशकात त्यातला विदुर प्रभावळकरांनी केला होता, आणि चार दशकांहून अधिक काळानंतर नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हाही विदुर त्यांनीच केला.