सल्ला आणि संमती

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण उच्चारताना आपण बहुधा खर्चाचा आणि दगदगीचा विचार करतो. परंतु या दोन प्रसंगांत आणखी एक साम्य आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दोन्ही प्रसंगी सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. आणि दोन्ही प्रसंगी ज्यांना पुढे आयुष्य काढावयाचे असते त्यांना सर्वांत शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही. लग्नाच्या बाबतीत हा दोष आता पुष्कळ अंशी ओळखला गेला आहे. घराच्या बाबतीत त्याला दोष म्हणून कोणी मोजत नाही. घरगुती निर्णयांत दुसऱ्याचा सल्ला कोठवर घ्यावा आणि तो कोणाचा घ्यावा, हा प्रश्न म्हणूनच व्यवहाराइतकाच नीतीचाही आहे, असे आम्हास वाटते.

हा विचार करताना आमच्यासमोर पांढुर्णा आणि सौंसर या भागातील घरे आहेत. हा मुलूख एकेकाळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी भाग मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. राज्याची सीमा मध्ये पडली, तरी सोयरीक तुटली नाही. त्यामुळे येथे घराच्या कामाचे कागद हिंदीत होतात आणि सल्ला मात्र नागपूर, काटोल, वरुडच्या सोयऱ्यांकडून मराठीत येतो.

अशा एखाद्या घराची कल्पना करा. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी कवेलू नीट बसवून घ्यावी लागतात, माकडे ती फोडतात, आणि ते काम जाणणारी माणसे मिळेनाशी झाली आहेत. संत्र्याचे पीक चांगले आले आणि कर्त्या पुरुषाने स्लॅब टाकण्याचे मनात घेतले. तो मिस्त्रीला विचारतो, सिमेंटच्या दुकानदाराला विचारतो, नागपूरच्या मामांना आणि जावईबापूंना विचारतो, वास्तुशास्त्र जाणणाऱ्यालाही विचारतो. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतोच. मिस्त्री लोखंडाचा हिशेब सांगतो, मामा स्वतःच्या बंगल्याचा दाखला देतात, शास्त्रज्ञ स्वयंपाकघर आग्नेयेस हलवावयास सांगतो. यांतील कोणी खोटे बोलत नाही. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडू लागतो. कवेलूंच्या फटींतून पूर्वी निघून जाणारी ऊन हवा आता कोंडून राहते. वैशाखात पुरुषमंडळी गच्चीवर जाऊन निजतील. बाळंतीण आणि गुडघे धरलेली म्हातारी मात्र खालीच राहील. पाच मुखांचे ऐकून झाले, पण या दोघींना कोणी विचारले नव्हते.

येथे आपण दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत करतो. 'हे कसे करावे?' हा एक प्रश्न आणि 'काय करावे?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जाणकारापाशी असते. स्लॅबला किती जाडीची सळई लागेल हे बहुमताने ठरवावयाचे नसते. तेथे मिस्त्रीचा किंवा इंजिनिअरचा शब्द प्रमाण मानावा. दुसऱ्याचे उत्तर मात्र जो त्या घरात राहणार त्याच्यापाशी असते. ओट्याची उंची किती असावी, म्हातारीला रात्री किती पावले चालावे लागते, पाणी कोठून उचलावे लागते, हेही ज्ञानच आहे. ते पदवीने मिळत नाही इतकेच. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. घराची पारख ते बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणारा अधिक चांगली करतो आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणारा करतो, असे तो म्हणतो. मात्र आपल्या घरांत यजमान हाच राहणारा समजला जातो, आणि जिचे अर्धे आयुष्य चुलीपुढे जाते तिला राहणाऱ्यांत धरले जात नाही.

यावर कोणी म्हणेल, 'आम्ही घरात विचारले होते. तुम्ही ठरवाल ते खरे, असे ती म्हणाली.' आमच्या व्यवसायात या उत्तराची किंमत निराळी होते. १८७२ च्या करार कायद्याने संमतीची व्याख्या करताना म्हटले आहे की, दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती होते. सासऱ्यांपुढे पदर सावरून उभ्या असलेल्या सुनेचे 'तुम्ही ठरवाल ते' हे वाक्य आदराचे आहे. त्यात निर्णयाला मान्यता आहे की केवळ वादाची टाळाटाळ आहे, हे विचारणाऱ्याने पाहावयास हवे. होकार ऐकण्यासाठीच विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे.

कायद्यानेही या बाबतीत उशिराच डोळे उघडले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केले. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने, कुटुंबाच्या वहिवाटीत असलेल्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारस मागेपर्यंत तिला मागता येणार नाही, अशी अडसर घातली. शेतात तिचा वाटा होता, घरात मात्र तिने वाट पाहावयाची होती. ते कलम २००५ साली रद्द झाले. अधिकाराचा अडसर निघाला, तरी विचारण्याची सवय काही कायद्याने लागत नाही.

घराच्या भिंतीपलीकडेही एक माणूस आहे, तो शेजारी. नवी भिंत उंच झाली तर त्याच्या खिडकीचा उजेड जातो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो की, एखाद्या इमारतीला वीस वर्षे शांतपणे व अखंड मिळत आलेला हक्काचा उजेड आणि वारा शेजाऱ्याला मनमानीने बंद करता येत नाही. हा कायदा आरंभी ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्यप्रांत होता. म्हणजे या भागात शेजाऱ्याच्या उजेडाला कायद्याचे रक्षण मिळून शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही भिंत उभी राहीपर्यंत शेजाऱ्याशी बोलणे होत नाही, आणि मग ते बोलणे न्यायालयात होते. शेजाऱ्याला विचारणे हा त्याच्यावर उपकार नव्हे. जेथे त्याचा हक्क आहे तेथे ते आपले कर्तव्यच आहे.

आता सल्ला देणाऱ्याविषयी. फुकटचा सल्ला देणाऱ्यावर काही जबाबदारी येते काय? लंडनमधील एका कुटुंबाने बागेच्या सुधारणेसाठी वास्तुविशारद मैत्रिणीची विनामूल्य मदत घेतली. काम बिनसले, मैत्री तुटली आणि वाद न्यायालयात गेला. २०१७ साली तेथील अपील न्यायालयाने म्हटले की, करार वा मोबदला नसला तरी व्यावसायिकाने जे काम प्रत्यक्ष हाती घेतले ते वाजवी काळजीने करण्याचे कर्तव्य त्याच्यावर येऊ शकते. पुढे २०१८ साली पुरावा तपासल्यावर त्या बाईंचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाच्या १९८६ आणि २०१९ च्या दोन्ही कायद्यांनी विनामूल्य सेवा आपल्या कक्षेबाहेर ठेविली आहे. परंतु जेथे कायदा थांबतो तेथे नीतीने थांबू नये. सल्ला देताना 'मला एवढे ठाऊक आहे आणि पुढचे ठाऊक नाही' असे सांगणे, आणि 'घरच्यांना विचारलेत का?' हा प्रश्न आधी करणे, एवढे तर प्रत्येक मामांनी आणि जावयांनी करावयास हरकत नाही.

काही वाचक म्हणतील, माणसांचे मत चंचल. आम्ही देवाला विचारतो. गोमंतकातील आणि कोकणातील आमच्या वाचकांना देवळातील कौल परिचित आहे. मूर्तीला पाकळ्या लावाव्या, गाऱ्हाणे घालावे, आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार समजावा. या श्रद्धेविषयी आम्हास आदर आहे. मात्र एक गोष्ट तेथेही माणसावरच राहते. प्रश्न माणूस तयार करतो. 'स्लॅब टाकू की कवेलू ठेवू?' असे विचारले तर तेवढ्याचेच उत्तर मिळेल. म्हातारी कोठे निजेल याचा कौल कोणी लावलाच नाही तर तो मिळणार कसा? गाऱ्हाण्यात ज्याचे दुःख आलेच नाही, त्याचा विचार न केल्याचा दोष पाकळीवर टाकता येत नाही.

आपल्या परंपरेत सल्ल्याची दोन मोठी चित्रे आहेत. धृतराष्ट्र झोप न आल्याने विदुराला बोलावतो, रात्रभर त्याचे ऐकतो, तुझे खरे आहे असेही म्हणतो. पण दुर्योधन समोर आला की माझे मन फिरते, अशी कबुली देतो. त्याला सल्ल्याने मार्ग नको होता, समाधान हवे होते. दुसरे चित्र गीतेच्या अठराव्या अध्यायाचे. एवढे सारे सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. ज्याला युद्धात उभे राहावयाचे, निर्णय त्याचा. साक्षात परमेश्वराने जो अधिकार अर्जुनाला ठेविला, तो आपण आपल्या घरातील माणसांना नाकारावा, हे योग्य नव्हे.

प्रत्येकाला विचारीत बसले तर छप्पर कधी पडणार, ही शंका खरी आहे. सर्वांचे सर्व काही मान्य करता येत नाही. पैसा मोजका असतो आणि शेवटी कोणा एकाला ठरवावेच लागते. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याचे मागणे मान्य होणार नाही त्याला तसे आधी सांगावे आणि कारण सांगावे. जाणकाराकडून सल्ला घ्यावा. राहणाऱ्याकडून आणि शेजाऱ्याकडून संमती घ्यावी. आणि निर्णयाचे ओझे मात्र स्वतःच्या खांद्यावर ठेवावे, ते मिस्त्रीवर, मामांवर किंवा ग्रहांवर टाकू नये. हे सारे पायाच्या चुन्याच्या रेघा आखण्यापूर्वी करावे. रेघ पुसावयास हात पुरतो. भिंत पाडावयास पैसा लागतो, आणि न विचारल्याची सल तर भिंत पाडूनही जात नाही.