वाढीचा हुकूम आणि आयुष्याची मुदत

निवृत्त न्यायाधीश रावसाहेब आणि संप्रेरकांच्या विकारांवर उपचार करण्यात ज्यांची उभी हयात गेली ते त्यांचे स्नेही डॉक्टर यांच्यात रविवारी जे वाद रंगत, त्यांपैकी हा एक. तो निकाली निघाला नाही, हे आधीच नमूद केलेले बरे.

रावसाहेब : डॉक्टर, शरीरात एक वैगुण्य उपजावे आणि त्यापायी जीव दीर्घायुषी व्हावा, हे तुमचे म्हणणे माझ्या न्यायबुद्धीस अद्याप मानवत नाही.

डॉक्टर : मातीतला मिलिमीटरभर लांबीचा एक सूत्रकृमी दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ साली कॅलिफोर्नियात सिंथिया केन्यन यांनी दाखविले, की त्याच्या डॅफ-२ या एकाच जनुकात बिघाड झाला तर त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. आणि चार वर्षांनी उलगडा झाला, की हे जनुक जो ग्राही घडविते तो आपल्या इन्शुलिनच्या आणि आयजीएफ-१ या संप्रेरकाच्या ग्राहींचा सगोत्रच आहे. ग्राही म्हणजे पेशीच्या वेशीवरचा अंमलदार समजा. ‘अन्न मुबलक आहे, वाढा’ हा हुकूम रुजू करून घेऊन तो आतल्या दप्तरी धाडतो. तो मंदावला, की पेशी दुष्काळ पडल्यासारखी वागते. विस्ताराची कामे तहकूब होतात आणि डागडुजी सुरू होते.

रावसाहेब : मग निसर्गाने अंमलदार इतका तत्पर का नेमला?

डॉक्टर : निसर्गाला संततीशी कर्तव्य आहे, आयुर्मर्यादेशी नाही. हे दीर्घायुषी कृमी सामान्य कृमींसोबत एकत्र वाढविले, तेव्हा अवघ्या काही पिढ्यांत ते नामशेष झाले. ओहायोत जॉन कॉपचिक यांनी, आयजीएफ-१ तयार करविणाऱ्या वाढ-संप्रेरकाचा ग्राहीच नसलेले ठेंगणे उंदीर घडविले. त्यांतला एक पाच वर्षांना आठवडाभर कमी इतका जगला, आणि उंदराच्या हिशेबाने ते शतायुष्याहूनही पुढचे.

रावसाहेब : कृमी आणि उंदीर राहू द्या. मनुष्याचे काय?

डॉक्टर : इक्वाडोरच्या दक्षिणेस लोहा प्रांतातील डोंगराळ खेड्यांत हाच ग्राही जन्मतः निकामी असलेली माणसे आहेत. इस्रायलचे झ्वी लारॉन यांनी १९६६ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रौढपणीही उंची साडेतीन-चार फुटांच्या आसपास. हायमे गेवारा-आगिर्रे या वैद्याने अशा ९९ जणांचा मागोवा बावीस वर्षे ठेवला. २०११ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुष्कळांची अंगे स्थूल असूनही मधुमेह एकालाही नाही, आणि कर्करोग एका व्यक्तीस, तोही जीवघेणा नव्हे. त्यांच्याच नात्यातल्या सामान्य उंचीच्या माणसांत मात्र शंभरांत सतरा जणांना कर्करोग आणि पाचांना मधुमेह.

रावसाहेब : म्हणजे ते शतायुषी असणार.

डॉक्टर : मुळीच नाही. अपघात, दारू आणि फेफरे यांनी त्यांतले कित्येक गेले. जे रोग म्हातारपणी गाठतात त्यांपासून मिळालेली सूट त्यांना पुरती उपभोगताच आली नाही. आता खरा पेच ऐका. आयजीएफ-१ बाहेरून टोचता येते, म्हणजे निकामी ग्राहीला वळसा घालून हुकूम थेट पोहोचविता येतो. मूल काही इंच अधिक वाढते. परंतु पेशीस वाढविणारा तोच हुकूम त्या मुलाचे उपजत संरक्षण कितपत शाबूत ठेवील, याची हमी कोण देणार?

रावसाहेब : कायद्याने अज्ञान मुलाची स्थावर मिळकत पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. हे संरक्षण त्या मुलाची वडिलोपार्जित मिळकतच की. तो सज्ञान होईपर्यंत थांबा आणि मग त्यालाच विचारा.

डॉक्टर : जमीन अठरा वर्षे पडून राहिली तरी जागची हलत नाही, हाडांच्या टोकांवरची वाढपट्टी मात्र तारुण्य पुरे होताच कायमची मिटते. तुम्ही ज्या दिवशी त्याला विचाराल, त्या दिवशी विचारण्याजोगे काही उरलेले नसेल. न टोचणे हाही निर्णयच होय, आणि तोही त्याला न विचारता दिलेला.

रावसाहेब : पण उणीव उंचीची, की आपल्या बाकांची, खिडक्यांची आणि पायऱ्यांची? जग साडेपाच फुटांच्या मापाने बांधायचे आणि त्यात न मावणाऱ्यास सुई टोचायची, हा न्याय मला एकतर्फी वाटतो.

डॉक्टर : आक्षेप मान्य. तरी बालपणी या मुलांची रक्तशर्करा घसरते, ती काही बाकांमुळे नव्हे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सुईनेही ती घसरते, म्हणून पोटात अन्न असल्याशिवाय सुई टोचीत नाहीत. शिवाय बाके बदलेपर्यंत त्या मुलाचे बालपण सरलेले असते. मी टोचीन.

रावसाहेब : माझ्यापुढे नऊ वर्षांच्या मुलासाठी असा अर्ज आला असता तर मी त्या मुलालाच बोलावून घेतले असते.

डॉक्टर : तो उंचीच मागेल.

रावसाहेब : मागेलच. साठीतल्या मधुमेहाची त्याला काय मातब्बरी? आणि मी, वीस वर्षे बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस, त्याच्या जागी बसून विचार करू लागलो, की मला उंची दिसतच नाही, साखर तेवढी दिसते.

डॉक्टर : म्हणजे न्यायासनावर पक्षकारच बसल्यासारखे झाले.

रावसाहेब : झालेच. अर्ज दुसऱ्या न्यायाधीशाकडे वर्ग करावा लागेल. मात्र तो तरुण नसावा, कारण मग तो फक्त उंचीच पाहील.