आधी हलकी गाडी

वाचनभाग : गलतीकरांस ६:१-५



वेल्समध्ये बारमथ गावाजवळ खाडीवर रेल्वेचा एक जुना लाकडी पूल आहे. तो १८६७ साली खुला झाला. त्याची लांबी सुमारे ८०० मीटर असून तो शंभराहून अधिक लाकडी चौकटींवर उभा आहे. १९८० साली त्याच्या खांबांना शिपवर्म लागल्याचे आढळले. हा जीव नावाने किडा, पण जातीने शिंपल्याचा. बारीक छिद्रातून तो लाकडात शिरतो व आतल्या आत पोखरीत जातो. बाहेरून खांब धडधाकट दिसतो. पूल बंद करावा लागला.

दुरुस्तीनंतर १९८१ साली त्यावरून पुन्हा गाड्या धावू लागल्या, पण फक्त हलक्या. इंजिनाने ओढायच्या जड गाड्यांना १९८६ पर्यंत थांबावे लागले. पुढे २०२० ते २०२३ या काळात, मधूनमधून वाहतूक थांबवून, जीर्ण लाकडे काढून नवी बसविण्यात आली. पूल मात्र तोच राहिला.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. एखाद्या सभासदाचे पाप उघडकीस येते. मग आपण दोनपैकी एक करतो. काही जण त्याला कायमचे बंद करतात; वीस वर्षांनीही त्याचे नाव निघाले की तीच गोष्ट निघते. काही जण अश्रू पाहून विरघळतात आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या हाती मंडळीची तिजोरी देतात. पहिल्यात प्रीती नाही, दुसऱ्यात शहाणपण नाही.

पौल म्हणतो, अशा माणसाला सौम्यतेने ताळ्यावर आणा. येथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तोच मत्तय ४:२१ मध्ये जाळी नीट करण्याविषयी आला आहे. फाटके जाळे कोळी फेकून देत नाही. आणि न शिवता पाण्यातही टाकीत नाही.

मार्काचे उदाहरण घ्या. तो पंफुल्यात काम सोडून परतला, म्हणून पौलाने त्याला पुढच्या फेरीत घेतले नाही. बर्णबाने मात्र त्याला आपल्याबरोबर कुप्रास नेले (प्रे. कृत्ये १५:३७-३९). जाणत्या सोबत्याच्या शेजारी चालणे, हीच त्याची हलकी गाडी. पुढे तोच पौल मार्काला बोलावून घेतो व तो सेवेस उपयोगी असल्याची साक्ष देतो (२ तीमथ्य ४:११). हलक्या गाडीचे दिवस संपले होते. ते संपलेच पाहिजेत. नाहीतर ती दुरुस्ती नव्हे, शिक्षा होईल.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मंडळीच्या वडिलांनो, लाजेने दूर राहिलेला कोणी तुमच्या डोळ्यांसमोर असेल. या महिन्यात त्याच्या घरी जा. त्याला पेलेल एवढे काम द्या : गीतांची पुस्तके वाटणे, आजाऱ्याच्या भेटीस तुमच्याबरोबर येणे. शेजारी चाला, घाई करू नका आणि बढती रोखून धरू नका. स्वतःचे खांबही तपासा; पौलाने तेही त्याच वचनात सांगितले आहे.

प्रभू येशू आपणांस ही सौम्यता देवो. आमेन.