अदब आणि भीती

ईदच्या सकाळी आमच्या लहानपणी आम्हा मुलांकडे एक काम ठरलेले असे. अब्बा ईदगाहहून परतले की शीरखुर्म्याच्या झाकलेल्या वाट्या घेऊन आम्ही गल्लीतल्या घरोघरी जायचो. अम्मी बजावायची, “सांडू नकोस. आणि वाटी ठेवून पळून येऊ नकोस, काकूंची तब्येत विचार.” दिवाळीत त्याच वाटीतून चकली-करंजी यायची. भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज होता. परक्या उंबरठ्यावर उभे कसे राहावे, मोठ्यांशी काय बोलावे, ‘बस’ म्हटल्यावर किती वेळ बसावे, हे सारे आम्ही त्या वाटीबरोबर शिकलो. तेव्हा त्याला कोणी सामाजिक कौशल्य म्हणत नसे.

आज आमच्या मुलांच्या हातात ती वाटी नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतील असंख्य कुटुंबांनी आपली जुनी घरे सोडली आणि मुंब्र्यासारख्या ठिकाणी आसरा शोधला. असुरक्षिततेपोटी मुसलमान एकवटून राहू लागले आहेत, याची नोंद २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. त्या आईबापांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्याने जळते घर पाहिले, तो मुलांसाठी आधी भिंतच शोधणार. पण भिंत मुलाला वाचवते, तशीच ती त्याला शेजारही नाकारते. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो: मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याला भित्रे करण्याचा अधिकार पालकांना आहे काय?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांना विचारत नाही; तो आमच्याच घरातून आला आहे. आमचा मुलगा नववीत होता. वर्गातली काही मुले त्याच्या धर्मावरून त्याला एका नावाने चिडवू लागली. त्याने घरी येऊन सांगितले. आम्ही म्हणालो, “दुर्लक्ष कर. उलट बोलू नकोस. विषय वाढवू नकोस.” मुलगा आज्ञाधारक. त्याने विषय वाढवला नाही. पुढे दोन महिने तो मधल्या सुट्टीत एकटाच डबा खात होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. कळले ते त्याच्या वर्गमित्राच्या आईकडून. “जोशांचा मुलगा सांगत होता, तुमचा हल्ली कुणाशी बोलत नाही,” असे तिने बाजारात थांबवून सांगितले. रात्री आम्ही विचारले, “बेटा, आम्हाला का नाही सांगितलेस?” तो शांतपणे म्हणाला, “अब्बा, तुम्हीच तर म्हणालात, विषय वाढवू नकोस.”

त्या रात्री आम्हाला आमचा गुन्हा कळला. गप्प राहण्यालाच आम्ही अदब समजत होतो. आमच्या घरांत मूल उलट बोलले नाही, की त्याला तहजीब आहे असे म्हणतात. मोठ्यांपुढे मान खाली, आवाज खाली. पण बाहेरच्या माणसापुढे गप्प बसायला शिकवलेली जीभ घरातल्या माणसापुढेही गप्पच बसते. आणि धोका नेहमी बाहेरूनच येतो, असे थोडेच आहे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीचा अहवाल २००७ साली आला. त्यात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे अथवा विश्वासातले असल्याचे दिसले. नको म्हणणाऱ्या मुलीला “मामूंच्या मांडीवर बस, बेअदबी करू नकोस” असे आपण सांगतो, तेव्हा तिच्या हातातले एकमेव हत्यार आपणच काढून घेतो. २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखे संरक्षण दिले. परंतु मूल बोललेच नाही, तर कायदा उंबरठ्याबाहेरच उभा राहतो.

कोणी म्हणेल, मग मुलांना उद्धट होऊ द्यायचे काय? नाही. अदब हवाच, पण तो दोन्ही बाजूंनी हवा. मूल बोलत असताना मोठ्यांनी त्याचे बोलणे न तोडणे, हाही अदबच आहे. त्याचे ‘नको’ ऐकणे, चूक कबूल केल्यावर त्या कबुलीची शिक्षा न देणे, हाही अदबच. ज्याचे घरी ऐकले जाते, ते मूल बाहेर न ओरडताही ठामपणे बोलू शकते. ज्याचे घरी ऐकले जात नाही, ते एक तर दबते नाही तर फुटते. वयात येणाऱ्या मुलांचे हे फुटणे मोहल्ल्यांच्या नाक्यांवर आपण रोज पाहतो आणि वर त्यांनाच नावे ठेवतो.

दुसरी गोष्ट, उंबरठा ओलांडण्याची. मिरजोळीसारख्या कोकणातल्या खेड्यातले हमीद दलवाई लहान वयात राष्ट्र सेवा दलात गेले. त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, पण वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी एका मैदानावर एकत्र खेळावे, गावे, भांडावे आणि पुन्हा एकत्र यावे, ही सोय तेथे होती. आज ती क्रिकेटच्या संघात असेल, वाचनालयात असेल, नाटकाच्या तालमीत असेल. आपण मुलांना तेथे पाठवतो का?

आमच्या मुलाला अखेर कशाने सावरले, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. आम्ही शाळेत जाऊन बोललो, शिक्षकांनी लक्ष घातले, हे खरे. पण त्याचे एकटेपण पहिल्यांदा दिसले ते त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला. त्याने आईला सांगितले, आईने आम्हाला. त्या घरी बोलण्याची मुभा होती, आमच्या घरी नव्हती.

त्या वर्षी ईदला आम्ही मुलाच्या हाती शीरखुर्म्याचा डबा दिला. त्याला दोन बस बदलून जावे लागले. परतायला फार उशीर झाला, तेव्हा आम्हाला भीती वाटली, नाही असे नाही. पण आम्ही ती त्याला दिली नाही.